माफी आणि दंडाबेडी

ब्रिटिश हिंदुस्थानातल्या तुरुंगात शिक्षा झालेला माणूस दाखल झाला, की त्याच्या नावाने एक तिकीट तयार होई. त्याला ‘हिस्टरी तिकीट’ म्हणत. कैद्याचं नाव, क्रमांक, कलम, शिक्षेची मुदत, तब्येत, नेमून दिलेलं काम, हे सगळं त्यावर लिहिलेलं असे. पुढे त्याच्या हातून कोणता अपराध झाला, त्याबद्दल कोणती शिक्षा मिळाली आणि किती दिवसांची माफी, म्हणजे शिक्षेत सूट, जमा झाली, याच्या नोंदीही त्यावर चढत जात. १८९४ च्या तुरुंग कायद्यात या तिकिटाची व्याख्या आहे, आणि कैद्याने त्यात खाडाखोड करणं हा स्वतंत्र अपराध ठरवलेला आहे.

न्यायाधीशाने सुनावलेली शिक्षा एकदाच लिहिली जाई. तुरुंगातली शिक्षा मात्र रोज नव्याने लिहिली जात असे. माणूस नेमका कधी सुटणार, तोवर काय खाणार, किती जड काम करणार, घरी पत्र कधी पाठवणार, हे सगळं या तिकिटावरच्या नोंदींवर ठरत होतं. म्हणून वसाहतकालीन तुरुंग समजून घ्यायचा तर भिंतींची उंची आणि कोठड्यांची संख्या पुरेशी नाही. बक्षीस कशाबद्दल मिळे, दंड कशाबद्दल होई आणि दोन्हींची किल्ली कुणाच्या हातात होती, हे पाहावं लागतं.

बक्षीस नकोच, म्हणणारी समिती

सुरुवातीच्या कंपनी सरकारच्या काळात कैद्यांना बेड्या घालून रस्ते बांधायला, खडी फोडायला बाहेर नेत. रात्री त्यांना जुन्या किल्ल्यात किंवा भाड्याच्या घरात कोंडून ठेवत. ही व्यवस्था ढिली, खर्चिक आणि बेभरवशाची आहे, असं सरकारचा कायदा सदस्य मेकॉले याने दाखवून दिलं आणि त्यातून तुरुंग-शिस्तीची समिती नेमली गेली. मेकॉले स्वतःही त्या समितीत होता. १८३८ मध्ये तिने अहवाल दिला.

हा अहवाल आज वाचताना त्यातला कोरडेपणा अंगावर येतो. तुरुंगाने धाक बसवावा, एवढंच समितीला हवं होतं. रस्त्यावरची कामं बंद करा, कैद्यांना मोठ्या मध्यवर्ती तुरुंगांच्या भिंतींआड आणा आणि त्यांना कंटाळवाणं, एकसुरी काम द्या, अशी तिची शिफारस होती. नैतिक शिक्षण, अक्षरओळख आणि चांगल्या वर्तनाबद्दल बक्षीस, या सुधारणेच्या तिन्ही वाटा समितीने विचारपूर्वक नाकारल्या.

नुसत्या धाकावर तुरुंग चालत नाही, हे पुढच्या वीस वर्षांत दिसून आलं. प्रत्येक कैद्याने स्वतःचा स्वयंपाक करायचा, ही जुनी पद्धत मोडून एकत्र स्वयंपाक सुरू केला, तेव्हा जातीच्या भयाने अनेक तुरुंगांत दंगे झाले. १८५५ मध्ये बिहारमधल्या आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत पितळी लोटे काढून मातीची भांडी देण्याचा हुकूम निघाला. त्यावरून कैदी तर उठलेच, मुझफ्फरपूरला गावकरीही रस्त्यावर आले. शेकडो माणसांना मूठभर पहारेकऱ्यांच्या जोरावर कायम दाबून ठेवता येत नाही, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं.

सिंगापूरची शिडी

बक्षिसाचा प्रयोग त्याआधीच समुद्रापलीकडे सुरू झाला होता. हिंदुस्थानातल्या काळ्या पाण्याच्या कैद्यांना कंपनी सरकार सुमात्रातल्या बेंकूलेनला आणि नंतर पेनांगला पाठवत असे. बेंकूलेनला लेफ्टनंट गव्हर्नर असताना स्टॅमफर्ड रॅफल्सने १८१८ मध्ये कैद्यांचे वर्तनाप्रमाणे तीन वर्ग करावेत, असं सुचवलं. चांगलं वागणाऱ्याला वरच्या वर्गात जाता यावं, कालांतराने स्वतःच्या पायावर उभं राहता यावं, अशी त्यामागची कल्पना होती. १८२५ पासून सिंगापूरला कैद्यांची जहाजं जाऊ लागली, आणि तिथे ही कल्पना चांगली रुजली.

सिंगापूरच्या तुरुंगात हिंदी कैद्यांचे सहा वर्ग होते. नवा आलेला कैदी बेडी घालून खालच्या वर्गात कामाला लागे. वर्तन ठीक राहिलं की बेडी हलकी होई, मग निघे, मग तो वरच्या वर्गात जाई. दुसऱ्या वर्गातून मुकादम आणि पहारेकरी निवडले जात. पहिल्या वर्गाच्या कैद्याला परवाना मिळे. तो तुरुंगाबाहेर राहून स्वतःची कमाई करू शके, मात्र ठरल्या दिवशी हजेरी द्यावी लागे.

या तुरुंगात विटा भाजणारे, सुतार, लोहार, गवंडी तयार झाले. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कथीड्रल आणि गव्हर्नरचं निवासस्थान, जे आज तिथल्या राष्ट्राध्यक्षांचं अधिकृत निवासस्थान आहे, ते या हिंदी कैद्यांच्या हातचं काम. तुरुंगाचा कारभार पाहिलेल्या मेजर मॅक्नेअरने १८९९ मध्ये या सगळ्यावर पुस्तक लिहिलं. कैदीच कैद्यांचे राखणदार होऊ शकतात, हे त्याच्या पुस्तकाचं सूत्र आहे आणि त्याच्या लेखी ही अभिमानाची गोष्ट होती.

त्याच सुमारास इतरत्रही असाच विचार चालू होता. अलेक्झांडर मॅकोनोकीने १८४० ते १८४४ या काळात ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉर्फोक बेटावर गुणांची पद्धत सुरू केली. कैद्याने अमुक वर्षं कोठडीत काढण्यापेक्षा श्रम आणि वर्तनातून अमुक गुण मिळवावेत आणि सुटावं, असं त्याचं म्हणणं होतं. आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टनने ती पद्धत टप्प्याटप्प्याची केली. हिंदुस्थानातल्या तुरुंगांत जी माफीची पद्धत आली, तिच्यामागे हे सगळं होतं. पण मॅकोनोकीचा भर माणूस घडवण्यावर होता. हिंदुस्थानात पद्धत आली ती मुख्यतः तुरुंग स्वस्तात आणि शांतपणे चालावा म्हणून.

१८९४ चा कायदा: अपराध आणि दंड

१८९४ च्या कायद्याने सगळ्या प्रांतांतल्या दंडांची एक यादी बांधून दिली. ४५ व्या कलमात तुरुंगातले अपराध आहेत. हुकूम मोडणं, मारामारी, उद्धट बोलणं, कामात आळस, काम बिघडवणं, आजाराचं सोंग, बंदी असलेली वस्तू जवळ बाळगणं, पळून जाण्याचा कट. इथवर यादी अपेक्षेप्रमाणे आहे. पण त्याच यादीत अधिकाऱ्यावर किंवा दुसऱ्या कैद्यावर खोटा आरोप करणं हाही अपराध आहे. वॉर्डरने मारलं, अशी तक्रार कैद्याने करायची आणि साक्षीदार सगळे वॉर्डरच्या हाताखालचे. तक्रार खोटी ठरली की तक्रारदारालाच दंड. कुणी पळण्याचा बेत करत असल्याचं कळूनही ते न सांगणं, हाही अपराधच. म्हणजे गप्प राहणंसुद्धा धोक्याचं होतं.

४६ व्या कलमात दंड आहेत, सौम्य ते कठोर अशा चढत्या क्रमाने. ताकीद. अधिक कष्टाचं काम. माफीच्या सवलती काढून घेणं. तीन महिन्यांपर्यंत गोणपाटाचे कपडे. हातकड्या. पायात बेड्या. तीन महिन्यांपर्यंत वेगळं ठेवणं, ज्यात कैदी इतरांना दिसतो पण त्यांच्याशी बोलू शकत नाही. रोज तासभर फिरणं आणि जेवणाला सोबत मात्र मिळते. त्याहून कडक म्हणजे चौदा दिवसांपर्यंतची कोठडी, जिच्यात ही सोबतही नाही. दंडाचा आहार, म्हणजे नेमून दिलेलं तुटपुंजं अन्न, सलग ९६ तासांपर्यंत. आणि शेवटी फटके, जास्तीत जास्त तीस.

फटक्यांबद्दल कायदा बारकाईने बोलतो. छडी वेताची आणि हलकी असावी, पण अर्ध्या इंचापेक्षा कमी जाडीची नसावी. फटके कुल्ल्यांवर मारावेत. शिक्षा हप्त्याहप्त्याने देऊ नये. सुपरिंटेंडेंट आणि डॉक्टर दोघे समोर हवेत, आणि माणूस फटके सोसू शकेल असं डॉक्टरने आधी लिहून द्यायला हवं. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी आणखी हलकी छडी, शाळेतल्या शिस्तीप्रमाणे. स्त्रियांना आणि दिवाणी कैद्यांना हातकड्या, बेड्या आणि फटके यांतून वगळलं होतं.

या मर्यादा कागदावर खऱ्या होत्या आणि त्यांनी काही जीव वाचवले असतील. पण न्याय कोण करत होतं, ते पाहिलं की त्यांचं बळ कळतं. तुरुंगातल्या अपराधाची चौकशी सुपरिंटेंडेंट करी, निकालही तोच देई. कैद्याला वकील नव्हता. अनेक जिल्हा तुरुंगांत सिव्हिल सर्जनच सुपरिंटेंडेंट असे. दंड ठोठावणारा आणि कैदी तो सोसायला समर्थ आहे असं प्रमाणपत्र देणारा, या दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसलेला असे.

येरवड्याच्या तुरुंगातला एक प्रसंग इथे सांगायला हवा, कारण त्यातली माणसं मावळातली आहेत. टाटांच्या धरणात जमिनी जाणार म्हणून मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला आणि त्यांतले अनेक जण येरवड्याला आले. नेमून दिलेलं काम मुद्दाम कमी केलं, या कारणावरून त्यांच्यापैकी काहींना फटके मारण्यात आले. त्या वेळी गांधीजी त्याच तुरुंगात होते. ते या बातमीने फार अस्वस्थ झाले आणि सुटल्यावर १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिलेल्या तुरुंगातल्या अनुभवांत त्यांनी या प्रकाराची नोंद केली. स्वतःची जमीन वाचवायला निघालेला शेतकरी काम कमी केल्याबद्दल फटके खातो, यात कायद्याचं एकही कलम मोडलेलं नव्हतं. कायद्यातच तेवढी जागा होती.

माफीचा हिशेब

दंडाच्या यादीत ‘माफीच्या सवलती काढून घेणं’ हे कलम दिसतं, आणि तिथेच बक्षीस आणि दंड एकमेकांना जोडले जातात. विसाव्या शतकातल्या अनेक प्रांतांच्या जेल मॅन्युअलमधला ढोबळ हिशेब असा होता. महिनाभर वर्तन चांगलं राहिलं तर दोन दिवस माफी. रोजचं नेमून दिलेलं काम पूर्ण केलं तर आणखी दोन दिवस. वर्षभर एकही अपराध झाला नाही तर वर पंधरा दिवस. म्हणजे निर्दोष वागणाऱ्या कैद्याला वर्षाला ६३ दिवस. एकूण माफी शिक्षेच्या एक चतुर्थांशाहून जास्त होऊ नये, अशी मर्यादा होती. अगदी थोड्या मुदतीच्या कैद्यांना ही पद्धत लागू नसे.

याशिवाय खास माफी असे. तुरुंगातली आग विझवायला मदत केली, अधिकाऱ्यावर हल्ला होताना त्याला वाचवलं, दुसऱ्या कैद्यांना विणकाम किंवा सुतारकाम शिकवलं, तर खास माफी मिळे. शिस्तभंग उघडकीला आणण्यात मदत करणाऱ्यालाही ती मिळे. म्हणजे शेजारच्या बराकीत तंबाखू कुठे लपवली आहे, कोण कुणाला चिठ्ठी पाठवतो, हे सांगणाऱ्याचे दिवस कमी होत. कोणत्याही तुरुंगात कैद्यांची एकजूट हेच त्यांचं एकमेव बळ असतं. या एका नियमाने त्या बळाला तडा दिला.

कामाच्या माफीमागे पैशाचाही हिशेब होता. मध्यवर्ती तुरुंग हळूहळू कारखाने झाले होते. सतरंज्या, कापड, काथ्या, तेल, छपाई. इंग्लंडमधल्या विंडसर कॅसलच्या वॉटर्लू चेंबरमध्ये व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला जो प्रचंड गालिचा आहे, तो आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणला. ज्या हातांना रोजचं काम पूर्ण केल्याबद्दल महिन्याला दोन दिवस मिळत, त्याच हातांचं हे काम.

डोक्यावरची टोपी

सगळ्यांत मोठं बक्षीस होतं बढती. चांगल्या वर्तनाचा, लांब मुदतीचा कैदी आधी रात्रीचा पहारेकरी होई, मग मुकादम, मग वॉर्डर. त्याला वेगळा पोशाख आणि टोपी मिळे, कष्टाचं काम सुटे, आणि माफीचे दिवस साध्या कैद्यापेक्षा कितीतरी जास्त मिळत. कायद्याच्या २३ व्या कलमाने अशा कैद्याला भारतीय दंड विधानाच्या अर्थाने ‘लोकसेवक’ ठरवलं. कालचा दरोडेखोर आज सरकारी अंमलदार झाला.

सरकारला याचा फायदा उघड होता. पगारी पहारेकरी कमी लागत आणि कैद्यांच्या आतल्या बातम्या आपोआप वर पोचत. पण कैद्यांवर त्याचा काय परिणाम झाला, हे तुरुंगातून आलेल्या जवळपास प्रत्येक आत्मकथनात सापडतं. कोण जड कामावर जाईल, कुणाची भाकरी कच्ची येईल, कुणाचं नाव साहेबापुढे जाईल, हे वॉर्डरच्या हातात आलं. जो स्वतः माफीच्या दिवसांसाठी वरच्याची मर्जी सांभाळतो, तो खालच्याला निर्दय होतो. त्याची टोपी टिकायची तर खालचे दबलेले दिसले पाहिजेत. स्वभावाने चांगली माणसंही या चक्रात वाकली.

अंदमान: पायऱ्या आणि बंद दार

बक्षिसाची शिडी सगळ्यांत उंच होती ती अंदमानात. मार्च १८५८ मध्ये डॉ. वॉकर २०० कैदी घेऊन तिथे उतरला. पुढे जन्मठेपेच्या कैद्याचे टप्पे ठरले. सेल्युलर जेल झाल्यावर पहिले सहा महिने तिथल्या एकांत कोठडीत. मग दीड वर्ष तुरुंगात इतरांबरोबर कष्टाचं काम. त्यानंतर तीन वर्षं रात्री बराकीत आणि दिवसा पहाऱ्याखाली बाहेर मजुरी, बिनमोबदला. पुढची पाच वर्षं लहानसा भत्ता आणि मुकादमीसारख्या जागांची पात्रता. अशी दहा वर्षं पुरी झाली, की स्वावलंबनाचं तिकीट. मग तो वसाहतीतल्या गावात घर बांधी, जमीन कसे, गुरं पाळी, गावाकडून बायकामुलं बोलावी किंवा कैदी स्त्रीशी लग्न करी. चांगल्या वर्तनाच्या कैदी स्त्रीला पाच वर्षांनंतर लग्नाची परवानगी मिळे. तिच्यासाठी तुरुंगाबाहेरचा मुख्य रस्ता लग्नातूनच जात होता.

या शिडीने हजारो माणसांना नवं आयुष्य दिलं, हे मान्य करायला हवं. अंदमानातल्या जुन्या वस्तीतली कितीतरी कुटुंबं अशा तिकिटवाल्यांचे वंशज आहेत.

राजकीय कैद्यांना मात्र बराच काळ या शिडीची पहिली पायरी ओलांडू देत नव्हते. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलमध्ये जेलर डेव्हिड बारीच्या अमलाखाली त्यांना कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपलं जाई. दिवसाला तीस पौंड खोबरेल तेल काढायचं, नाही निघालं तर दंड. दंडाचा एक प्रकार म्हणजे उभी हातकडी: हात डोक्याच्या उंचीवर भिंतीतल्या कडीला अडकवायचे आणि कामाचे सगळे तास तसंच उभं ठेवायचं. दुसरा म्हणजे आडवी दंडाबेडी, जिच्यात दोन पायांमध्ये लोखंडी दांडा असे आणि पाय जवळ घेता येत नसत. उल्हासकर दत्त या छळात भ्रमिष्ट झाले. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये कोठडीत गळफास लावून घेतला.

विनायक दामोदर सावरकर जुलै १९११ मध्ये तिथे पोचले. त्यांच्या हिस्टरी तिकिटावर सहा महिन्यांची एकांत कोठडी, दुसऱ्या कैद्याला चिठ्ठी लिहिल्याबद्दल वेगळं ठेवणं आणि १९१४ मध्ये काम नाकारल्याबद्दल सात दिवस उभी हातकडी अशा नोंदी आहेत. १९१३ च्या अर्जात त्यांनी मांडलेली एक तक्रार या विषयाच्या मुळाशी जाते. हिंदुस्थानातल्या तुरुंगात असतो तर माफी, पत्रं आणि भेटी मिळाल्या असत्या. साधे काळ्या पाण्याचे कैदी असतो तर काही वर्षांनी बाहेर काम आणि तिकीट मिळालं असतं. आम्हाला दोन्हीकडचे तोटे आहेत, फायदा कुठलाच नाही, असा तिचा आशय होता. नियम सगळ्यांना सारखा नसेल, तर बक्षीस हेच दंडाचं हत्यार होतं.

मोठ्या सुटकांनाही अटी असत. लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सप्टेंबर १८९८ मध्ये सरकारने त्यांना सहा महिने आधी सोडलं, पण जाहीर सत्कार घेऊ नयेत आणि पुन्हा राजद्रोहाखाली दोषी ठरल्यास उरलेले सहा महिने भोगावेत, या अटींवर. सावरकरांना १९२४ च्या जानेवारीत येरवड्यातून सोडलं, ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि पाच वर्षं राजकारणात पडायचं नाही, या अटींवर. ही बंधनं वाढत जाऊन १९३७ पर्यंत टिकली.

काय बदललं

सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या १९१९-२० च्या तुरुंग समितीने, कैद्याची सुधारणा हे तुरुंगाचं ध्येय असावं, असं प्रथमच ठामपणे म्हटलं आणि कैदी-वॉर्डरांवर विसंबण्याच्या पद्धतीवर टीका केली. पण खरा दबाव कैद्यांनी आणला. १३ सप्टेंबर १९२९ ला लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले. १९३३ मध्ये अंदमानच्या उपोषणात महावीर सिंह, मोहित मैत्र आणि मोहनकिशोर नामदास यांना बळजबरीने अन्न भरवल्यामुळे मरण आलं. या मृत्यूंनंतर राजकीय कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न सरकारला टाळता येईना.

स्वातंत्र्यानंतरही १८९४ चा कायदा आणि त्यावर बेतलेली मॅन्युअल्स चालूच राहिली. कोर्टाने दिलेल्या फटक्यांच्या शिक्षेचा कायदा १९५५ मध्ये रद्द झाला, तुरुंग कायद्यातलं फटक्यांचं कलम मात्र शब्दांत तसंच उरलं. १९७८ आणि १९७९ च्या सुनील बात्रा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने एकांतवास आणि बेड्यांच्या वापराला लगाम घातला. कैद्याला जबर दंड करण्याआधी सेशन्स न्यायाधीशाची नजर त्यावर पडावी, असंही सांगितलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने जातीवरून कामं वाटणारे मॅन्युअलमधले नियम घटनाबाह्य ठरवले. १८९४ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी केंद्राने नमुना कायदा तयार केला तो २०२३ मध्ये, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांनी.

शिस्तीसाठी बक्षीस आणि दंड दोन्ही लागतात, आणि माफीची पद्धत मुळात चांगलीच आहे. तिने माणसाला आशा दिली. वसाहतीच्या तुरुंगाचा दोष तिसऱ्याच ठिकाणी होता. बक्षीस देणारा, ते काढून घेणारा, चौकशी करणारा आणि तक्रार ऐकणारा माणूस एकच होता, आणि त्याच्यावर बाहेरून पुरेशी नजर नव्हती. म्हणून आज तुरुंग सुधारणेची बातमी वाचताना नव्या इमारतींच्या आकड्यांवर थांबू नये. कैद्याची माफी कुणी कापली, त्याचं कारण त्याला लेखी मिळालं का आणि त्याविरुद्ध तो तुरुंगाबाहेरच्या माणसाकडे दाद मागू शकतो का, हे तीन प्रश्न प्रत्येक वाचकाने विचारायला हवेत.